अँप्लिफायर बदलायच्या आधी ऑप्टिकल आउटपुट लावून बघा

व्हिडिओतल्या पायऱ्या इथे लिहून देतोय, म्हणजे गिऱ्हाइकाकडे काम करताना समोर राहतील.

कॉम्प्युटर अँप्लिफायरला जोडला की स्पीकर घूंऽऽ करत राहतो. बऱ्याचदा अँप्लिफायर चांगलाच असतो; दोघांच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे साध्या ऑडिओ केबलमधून ही घरघर येते. ऑप्टिकल केबलमधून वीज जात नाही, फक्त प्रकाश जातो. त्यामुळे घरघरीचा तो रस्ताच बंद होतो.

१. कॉम्प्युटरला ऑप्टिकल आउट आणि अँप्लिफायरला ऑप्टिकल इन आहे का बघा. कॉम्प्युटरला नसेल तर ऑप्टिकल आउटवालं यूएसबी साउंड कार्ड घ्या.

२. केबलच्या दोन्ही टोकांच्या टोप्या काढा. केबल दुमडू नका. अँप्लिफायरचं इनपुट 'ऑप्टिकल'वर ठेवा.

३. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'प्लेबॅक' उघडा. 'डिजिटल आउटपुट' निवडून 'सेट डिफॉल्ट' दाबा.

४. 'प्रॉपर्टीज'मधल्या 'अॅडव्हान्स्ड'मध्ये १६ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा. मग 'टेस्ट'.

आवाज आला नाही? अँप्लिफायरकडचं टोक काढून बघा. लाल उजेड दिसला तर अँप्लिफायरचं इनपुट तपासा. नाही दिसला तर तिसरी पायरी पुन्हा करा.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगा: ऑप्टिकलमधून साधा पीसीएम आवाज दोनच चॅनेलचा जातो. ५.१ हवं असेल तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्येच जातं, आणि अँप्लिफायरला ते वाचता यायला हवं.

केबलने काम होत असेल तर नवा अँप्लिफायर गळ्यात मारू नका. आजचा नफा थोडा सुटेल, पण पुढचा फोन तुम्हालाच येईल.