एकमेकांचे पाय

आजचं वाचन: योहान १३:१-१७



गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी हा भाग चर्चमध्ये वाचला जातो, त्यामुळे तो आपल्याला जवळजवळ पाठ असतो. पण आज एक करा. वचन ३ नीट वाचल्याशिवाय वचन ४ वर जाऊ नका.

पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलो आणि देवाकडेच चाललोय, हे येशूला ठाऊक होतं. आणि लगेच पुढे तो भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी ओततो. धुळीच्या रस्त्यांवरून आलेले पाय धुणं हे घरातल्या दासाचं काम होतं. म्हणजे नम्रता ही स्वतःला कमी समजण्यातून येत नाही. आपण कोणाचे आहोत हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्याला वाकायची भीती वाटत नाही. अन् तो यहूदापुढेही वाकला, हे विसरू नका.

मी चंद्रपूरचा. आमच्याकडून नागपूरला जाताना वाटेत वरोरा लागतं आणि गावाला लागूनच आनंदवन. बाबा आमटे ख्रिस्ती नव्हते, त्यांना आपल्यात ओढायचंही कारण नाही. पण हा उतारा समजून घ्यायला त्यांचं आयुष्य मला फार मदत करतं.

बाबा जमीनदार घरातले, वकील. वरोऱ्यात त्यांनी सफाई कामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहिला. कशालाच न घाबरणारा माणूस अशी त्यांची ख्याती. एका पावसाळी रात्री त्यांना गटाराकडेला तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाची शेवटची अवस्था, जखमांत किडे. बाबा घाबरून घरी पळाले. पण ती भीतीच त्यांना झोपू देईना. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला आणि तो जाईपर्यंत त्याची शुश्रूषा केली. जिथे भीती आहे तिथे प्रेम पुरं झालेलं नाही, हे योहान आपल्या पहिल्या पत्रात (४:१८) सांगतो. सेवेने आधी सेवा करणाऱ्याचीच भीती धुतली.

आता पेत्राकडे या. तो म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटतं! पण येशू त्याला स्पष्ट सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुझा वाटा नाही. सेवा घेता न येणं हाही गर्वच असतो. आणि वचन १४ मध्ये येशू गरिबांचे पाय धुवा असं सांगत नाही, एकमेकांचे धुवा म्हणतो. एकच माणूस कायम वाकलेला आणि दुसरा कायम बसलेला, असं इथे नाही.

आनंदवनात हेच घडलं. सुरुवात झाली सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपयांवर. बाबा आणि साधनाताईंनी त्यांना नुसतं बसवून खाऊ घातलं नाही. त्यांनी सगळ्यांनी मिळून जंगल साफ केलं, विहीर खोदली, शेती केली. तो भाजीपाला सुरुवातीला गावात कुणी घेत नसे. आणि ज्या गावाला यांचा स्पर्श नको होता, त्याच गावच्या मुलांसाठी आनंदवनाने १९६४ साली कॉलेज सुरू केलं. ज्यांचे पाय धुतले गेले, त्यांनीच मग गंगाळ हाती घेतलं.

पुढे गडचिरोलीच्या जंगलात तेच. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथे गेले तेव्हा ते माडिया भाषा शिकले. शिकलेल्या माणसाने विद्यार्थी होऊन समोरच्याकडून शब्द घ्यायचे, हेही वाकणंच आहे.

आता आपलं बोलू. आपण शहरात वर्षातून एकदा आश्रमात जातो, वाटप करतो, फोटो काढतो, परत येतो. ते वाईट नाही. पण तिथल्या कुणाकडून आपण काही घेतलं का? त्यांचं नाव तरी लक्षात राहिलं का? उंची तशीच ठेवून केलेलं दान आणि पाय धुणं यात फरक आहे.

आज या दोन गोष्टी करून बघा:

१. जे काम "माझं नाही" म्हणून आपण सोडतो, ते एक काम गुपचूप करा. फ्लॅटमधलं बाथरूम असेल, उपासनेनंतर खुर्च्या उचलणं असेल किंवा ऑफिसात नव्या मुलाला शांतपणे समजावणं असेल.

२. कुणी तुम्हाला मदत करू पाहत असेल तर "नको, मी बघतो" म्हणू नका. घ्या. विशेषतः ज्याला आजवर तुम्हीच देत आलात, त्याच्याकडून घ्या.

प्रार्थना: प्रभू येशू, तू आमच्यापुढे वाकलास. आम्ही तुझे आहोत ही खात्री आम्हाला दे, म्हणजे वाकताना भीती वाटणार नाही. किळस आणि भीती आमच्यातून धुऊन टाक. आणि जो आमचे पाय धुवायला येईल, त्याच्यापुढे पेत्रासारखे पाय मागे घेऊ देऊ नकोस. आमेन.