उष्माघात : पेशी, संप्रेरके आणि चिकित्सकाचे कर्तव्य

ग्रीष्म हा आदानकालातील अखेरचा ऋतू. या काळात शरीरातील स्नेह व बल क्षीण होते, हे आपणांस ज्ञात आहेच. शरीर या उष्णतेस कसे तोंड देते, हे आधुनिक क्रियाशारीराच्या आधारे पाहणे चिकित्सेस उपकारक ठरेल.

पेशीस्तर : अति उष्णतेने पेशीतील प्रथिनांच्या घड्या उलगडतात व ती परस्परांस चिकटून निकामी होतात. अशा वेळी एचएसएफ-१ हा घटक विशिष्ट जनुकांना चालना देतो आणि 'हीट शॉक प्रोटीन्स' निर्माण होतात. त्यांपैकी एचएसपी-७० बिघडलेल्या प्रथिनांना पुन्हा योग्य आकार देण्यास साहाय्य करते. १९६२ मध्ये रिटोसा यांनी फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेने येणारे फुगवटे नोंदविले. या अभ्यासाचा आरंभ तेथून झाला.

संप्रेरके : स्वेदामुळे जलांश घटताच अँटीडाययुरेटिक हार्मोन वाढते व मूत्र अल्प आणि गडद होते. अधिवृक्क ग्रंथीतील अल्डोस्टेरोन मूत्र व स्वेद यांतून जाणारे सोडियम रोखते. शरीर उष्णतेस सरावण्यास साधारण १ ते २ आठवडे लागतात. म्हणूनच उन्हाळ्याच्या आरंभीची तीव्र लाट अधिक घातक असते.

व्यवहारात : चरकसंहितेत ग्रीष्मात लवण, अम्ल व कटु रस वर्ज्य सांगितले आहेत. ती स्वस्थाची ऋतुचर्या होय. दिवसभर उन्हात राबून घामाने निथळलेल्या शेतमजुरास मात्र जलासोबत लवणही द्यावे लागते. त्यास ओआरएसचे १ लिटरचे पाकीट १ लिटर पाण्यातच कालवून द्यावे.

ज्वरात हायपोथॅलॅमसमधील तापमानाची पातळीच वर सरकलेली असते. पॅरासिटामॉल ती खाली आणते. उष्माघातात ही पातळी बदललेली नसते, केवळ उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता अपुरी पडते. म्हणून तेथे पॅरासिटामॉल निरुपयोगी असून यकृतास अपायकारक ठरू शकते. औषधविक्रेत्यांनी 'ऊन लागले' म्हणून येणाऱ्यास गोळी देण्यापूर्वी हा भेद ध्यानी घ्यावा. मूत्रल औषधे घेणाऱ्या वृद्धांची चौकशी विशेषत्वाने करावी.

शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसहून अधिक आणि सोबत भ्रम, आक्षेप वा मूर्च्छा असल्यास तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून निश्चिंत राहू नये. श्रमजन्य उष्माघातात घाम चालू असू शकतो. रुग्णास सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतत वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्यास तोंडावाटे पन्हे, सरबत वा औषध देऊ नये. येथे प्रथम शरीर थंड करणे हीच चिकित्सा. शमन व बृंहण त्यानंतर.