जीपच्या ॲक्सलचा रंग

मुलांनो, जुनी जीप दुरुस्त करताना सारे बॉडीच्या रंगाकडे पाहतात. पण चाकांनी उडवलेले खडे, चिखल आणि पाणी यांचा मार खातो तो ॲक्सल! त्याला चमक नको, चिवटपणा हवा.

तारेच्या ब्रशने गंज खरवडा, थिनरने ग्रीस पुसा. गंजावर दिलेला महागडा रंगही पापुद्र्यासारखा सुटतो. नुसता रेड ऑक्साइड पुरत नाही. त्यातून ओल आत शिरते. इपॉक्सी प्रायमर द्या व त्यावर काळ्या पॉलियुरेथेन रंगाचे दोन पातळ हात. जाड थर दिला तर ॲक्सलचा तडा लपतो.

ॲक्सलवर हवेचे बारीक छिद्र असते. रंग देताना ते झाका, नंतर आठवणीने उघडा. ते बुजले तर आतली हवा तापून दाब वाढतो आणि तेल सीलमधून ब्रेकवर येते.