गॅस सोडण्याआधी मावशीचं ऐक

सोनू, तुझ्या आईचा फोन आला होता. डेअरीच्या आवारात गोबरगॅसवर सॉलिड ऑक्साइड फ्यूएल सेल चालवून बघायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय म्हणे, १ किलोवॅटचा स्टॅक, म्हणजे सेलची चळत, आणि तू दोन रात्री झोपलेला नाहीस. आधी झोप काढ, मग हे वाच. मी असे सेल तापवणाऱ्या भट्ट्यांपाशी उमेदीची वर्षं घालवली आणि करण्याजोग्या सगळ्या चुका करून ठेवल्या. तुला नवीन चूक शोधायला बरीच मेहनत पडेल. एक आत्ताच सांगते. हा सेल चालता चालता क्वचित मरतो. तो मरतो गाळणीकडे कुणी बघितलं नाही म्हणून, नाहीतर सुरू करताना आणि बंद करताना.

१. पहिले आठ दिवस सेलला गॅस दाखवूसुद्धा नकोस, नुसता मोज. मिथेन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, ओल, सगळं सकाळ-संध्याकाळ — पुस्तकातला बायोगॅस ६० टक्के मिथेनचा असतो, टाकीतला ५० ते ६५ च्या मध्ये त्याला वाटेल तिथे बसतो.

२. टाकीत कोण काय ओततं याची वही गोठ्यातल्या माणसाकडे दे आणि त्याच्याशी गोड राहा — शेण बिचारं सभ्य असतं, पण कोंबडखत किंवा मासळीचं धुवण पडलं की गंधक चढतो, आणि तुला मात्र उशिरा कळतं. मळीच्या डिस्टिलरीतल्या सांडपाण्याच्या गॅसचं तर नावच काढू नकोस. तिथे हायड्रोजन सल्फाइड टक्क्यांत मोजतात.

३. तुझी मर्यादा दशलक्षात एक भाग, म्हणजे १ पीपीएम, आणि राहायचं त्याच्याही खाली — गॅसचं इंजिन शे-दोनशे पीपीएम ढेकर देऊन पचवतं, पण ॲनोडमधलं, म्हणजे सेलच्या इंधनाकडच्या बाजूचं, निकेल एवढ्याशा गंधकानेही रुसतं. एखाद्या वेळी चुकलं तर स्वच्छ गॅस मिळाल्यावर ते पुष्कळसं सावरतं. रोज चुकलं तर नाही.

४. गाळणीचे डबे दोन ठेव, एकामागे एक, आणि तपासणीचा कॉक दोघांच्या मध्ये — शेवटच्या टोकाला मोजशील तर आकडा दिसेल त्या दिवशी गंधक सेलच्या घरात पोचलेला असेल. पुढचा भरला की मागचा पुढे आण, नवा मागे लाव. ‘गाळणीत कंजूस, त्याचा स्टॅक फडतूस’ ही माझीच म्हण आहे. तुझ्या आईला आवडत नाही.

५. आधी लोखंडाचा गंजलेला कीस, मग पाणी काढणं, मग ॲक्टिव्हेटेड कार्बन. हा क्रम उलटा करू नकोस — गंजाला ओलसर गॅस मानवतो, आणि कार्बनच्या छिद्रांत पाणी जाऊन बसलं तर गंधक बसणार कुठे?

६. लेथवाला कीस फुकट देईल, पण तो धुण्याच्या सोड्याने नीट धुवून मग गंजव — तेलकट लोखंडाला गंज चढत नाही, आणि गंजच तर तुला हवाय.

७. काळा पडलेला कीस डब्यातून काढण्याआधी भिजव, आणि काढल्यावरही ओलाच ठेव — लोखंडाच्या सल्फाइडला हवा लागली की तो आपोआप तापतो.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तो कीस कोरडाच प्लॅस्टिकच्या बादलीत भरून शेडमागे ठेवला आणि जेवायला गेले. परत येते तर बादली गुडघ्यात वाकल्यासारखी एका बाजूला बसलेली, वर निळसर धूर, आणि वॉचमन आपल्या प्यायच्या पाण्याची कळशी तिच्यावर उपडी करतोय. त्याने मला पुढे वर्षभर ‘आगवाल्या मॅडम’ म्हटलं.

८. रोज सकाळी चहाआधी लेड ॲसिटेटचा कागद गॅससमोर धर — मीटर बिघडतो, त्याची बॅटरी संपते, पण तो कागद तपकिरी झाला म्हणजे झाला. कागद हाताळल्यावर हात धू, मग चहा. शिसं आहे ते.

९. वासावर भरवसा ठेवू नकोस — हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्याचा वास तो थोडा असतानाच येतो. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, आणि माणसाला वाटतं गळती थांबली. गळ्यात अलार्म लटकव, दिसायला कसाही दिसो.

१०. कुणी सांगेल, टाकीतच थोडी हवा सोड, गंधक तिथल्या तिथे बसतो. पद्धत खरी आहे, पण पहिल्या वर्षी तू करू नकोस — हवा जरा जास्त झाली की गॅसचं स्फोटक मिश्रण होतं, आणि तुझा हात अजून बसलेला नाही.

एका शत्रूपासून तू वाचलास: सिलोक्सेन. शाम्पू, क्रीम, डिओडरंट यांतून तो सांडपाण्यात आणि कचराडेपोत जातो आणि सेलच्या उष्णतेत त्याची वाळू होते, म्हणजे सिलिका. ती ॲनोडवर बसली की उठत नाही. फिनलंडमध्ये वासा इथे २००८ च्या गृहप्रदर्शनात वार्टसिला कंपनीने २० किलोवॅटचा सेल कचराडेपोच्या गॅसवर चालवला. इटलीत तुरीनजवळ कोलेन्यो इथल्या सांडपाणी केंद्रावर २०१७ पासून याहून मोठे सेल गाळाच्या गॅसवर चालू झाले. त्या दोन्ही प्रकारच्या गॅसात हा पाहुणा असतो, त्यामुळे गाळणीघर म्हणजे तिथे निम्मा कारखाना. आपल्या म्हशी शाम्पू लावत नाहीत. पण डेअरीच्या कँटीनचं आणि बाथरूमचं पाणी टाकीत वळवू देऊ नकोस.

११. आता काजळी. पंगतीला ६० माणसं आणि पानं ४०, अशी बायोगॅसची स्थिती असते — मिथेनच्या एका रेणूला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळाला तर दोघांचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतो. ज्या २० जणांना पान मिळत नाही ते निकेलवर काजळी होऊन बसतात. म्हणून वरून वाफ घाल, आणि काटकसर न करता घाल.

१२. वाफेचा पंप बंद पडला की गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप मिटला पाहिजे, ही जोडणी पहिल्या दिवशी कर — वाफ थांबल्यावर काजळी धरायला काही मिनिटं पुरतात, आणि तेवढ्यात तू नेमका फोनवर असतोस.

१३. वाफेला पाणी डिमिनरलाइज्ड घे, बोअरचं नको — त्यातलं सिलिका आणि क्लोराइड वाफेच्या वाटेने आत जातं. म्हशीने न लावलेला शाम्पू तू लावलास असं होईल.

१४. वाफ धक्क्याधक्क्याने येत असेल तर बॉयलर बदल, व्होल्टेजला दोष देऊ नकोस — पाणी थेंबाथेंबाने उकळलं की व्होल्टेजही झोपाळ्यावर बसतं.

१५. गरम सेलवर बायोगॅस चालू आणि भार शून्य, असं ताटकळत ठेवू नकोस — भार असला की झिर्कोनियातून, म्हणजे सेलच्या मधल्या सिरॅमिक थरातून, ऑक्सिजनचे आयन पलीकडच्या हवेतून येत राहतात आणि काजळी जाळतात. भार नसला की तेही यायचे थांबतात.

१६. भट्टीच्या तोंडाशी स्टीलची नळी ४५० ते ७०० अंशांच्या पट्ट्यात जेवढी कमी लांब ठेवता येईल तेवढी ठेव — तिथे काजळी नळीतच धरते आणि स्टीलचं पीठ करते. सेल धडधाकट, नळी मात्र कुजलेली, असा प्रकार मी पाहिलाय.

१७. गॅस शिरतो त्या कोपऱ्यात एक थर्मोकपल जास्तीचा लाव — तिथे मिथेन फुटताना उष्णता ओढून घेतो, रेणूंच्या हिशेबात एका मोलला २४७ किलोज्यूल. स्टॅक ८०० अंशांवर आणि तो कोपरा गारठलेला, मग सिरॅमिकला तडा. थोडा मिथेन आधीच वेगळ्या रिफॉर्मरमध्ये फोडून घेतलास तर सेलचा कोपरा सुखी राहतो.

१८. तापवताना मिनिटाला एक ते दोन अंश, जास्त नाही — दोनने ८०० गाठायला साडेसहा तास लागतात. तेवढ्यात पुस्तक वाच, पण भट्टीला उकसवू नकोस. चिरलेल्या सिरॅमिकला टाका घालता येत नाही.

१९. तापवताना ॲनोडवर नायट्रोजनमध्ये मिसळलेला ५ टक्के हायड्रोजन वाहता ठेव, आणि बायोगॅस सेल ७०० अंशांच्या वर गेल्यावरच सोड — त्याखाली कार्बन मोनॉक्साइड स्वतःच फुटून काजळी देतो.

२०. आणि हे दोनदा वाच: २०० अंशांखालच्या निकेलवर कार्बन मोनॉक्साइड कधीही जाऊ देऊ नकोस — दोघांचं निकेल कार्बोनिल होतं, आणि ते फार जहरी आहे. इथे मी थट्टा करत नाही.

२१. बंद करताना भार काढ, बायोगॅस थांबव, मग तेच हायड्रोजनचं मिश्रण ३०० अंशांच्या बरंच खाली येईपर्यंत सुरू ठेव. वाफ मात्र पाणी धरायच्या आत बंद कर — गरम निकेलला हवा लागली की त्याचा ऑक्साइड होतो, तो जवळजवळ पावणेदोन पट जागा मागतो, आणि झिर्कोनियाचा पातळ थर बिचारा मध्ये सापडतो.

२२. या मिश्रणाचा सिलिंडर अर्ध्यावर आला की नवा आणवून जोडून ठेव, ‘अजून आहे की’ म्हणू नकोस — थांबायला सेलला चालण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, विशेषतः शुक्रवारी संध्याकाळी.

शुक्रवारचं म्हणते ते उगीच नाही. मी एका शुक्रवारी भट्टी उतरायला लावली, गेजकडे एक नजर टाकली आणि बस पकडली. रात्री केव्हातरी सिलिंडर संपला. सोमवारी दार उघडलं तर सेल तीन तुकड्यांत पडलेला, कडेकडेने हिरवट. निकेल ऑक्साइडचा रंग तो. दोन तुकडे जोडून बघितले, जणू जोडले की चिकटणारच होते. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, बस मिळाली का?

२३. नायट्रोजनच्या वाटेवर असा सोलेनॉइड लाव की वीज गेली की तो उघडावा, मिटू नये, आणि हवेच्या ब्लोअरला यूपीएस दे — भारनियमन तुझं वेळापत्रक विचारून होत नाही.

२४. टाकीतून गॅस ओढणाऱ्या ब्लोअरच्या अलीकडे दाब बघणारा स्विच हवा — फिरत्या टोपीच्या टाकीत दाब जेमतेम १० सेंटिमीटर पाण्याचा असतो. ब्लोअर हावरा झाला तर टाकीच हवा आत घेते.

२५. मिथेन घसरला तर आधी भार कमी कर, कारण नंतर शोध — गॅस पातळ आणि भार तेवढाच राहिला तर बाहेर पडण्याच्या टोकाला इंधन उरत नाही, आणि तिथलं निकेल ऑक्साइड व्हायला लागतं. मिळणाऱ्या इंधनातला ७० ते ८० टक्के भाग वापरला की पुरे, शेवटचा थेंब चाटायचा मोह नको.

पण पातळ गॅसला घाबरूही नकोस. इंग्लंडमध्ये कील विद्यापीठात १९९८ मध्ये नळीच्या आकाराचा छोटा सेल बायोगॅसवर चालवला होता, आणि मिथेन इतका कमी असतानाही तो वीज देत राहिला की तिथे इंजिन पेटलंच नसतं. मला या सेलचं कौतुक तेवढ्यासाठी आहे. आपल्याकडे माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ च्या सुमारास सांडपाण्याच्या टाक्यांवरचा गॅस धरून वापरत होते. सव्वाशे वर्षांत त्या गॅसला एवढं सांभाळून घेणारं यंत्र दुसरं नसेल. फक्त त्याचं नाक नाजूक आहे.

२६. रोज त्याच वेळी, त्याच करंटला, त्याच तापमानाला व्होल्टेज लिही, आणि शेजारी ॲनोडच्या तोंडचा दाब — आज थोडा जास्त भार, उद्या थोडा कमी, अशा आकड्यांतून काही वाचता येत नाही.

हे आकडे वाचायचे कसे ते सांगते. व्होल्टेज तासाभरात खाली येऊन मग एका पायरीवर थांबलं, तर गंधक समज आणि गाळणीकडे धाव. व्होल्टेज ठीक पण दाब रोज चढतोय, तर काजळी; वाफ वाढव. आठवड्यामागून आठवडा हळूहळू उतार आणि स्वच्छ गॅसनेही सुधारणा नाही, तर वाळू बसतेय, नाहीतर पलीकडच्या हवेच्या बाजूला स्टीलमधला क्रोमियम. आणि भार शून्य असताना हायड्रोजनवर एका सेलला एक व्होल्टच्या आसपास दिसत नसेल, तर कुठेतरी गळती आहे. साबणाचं पाणी घेऊन थंड असताना सगळे सांधे बघ.

२७. सेलच्या धुराड्याजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव, आणि खोलीची वरची खिडकी उघडी ठेव — याला वास नसतो, आणि थंडीत तू भट्टीला टेकून बसणार हे मला माहीत आहे.

२८. चार दिवस सलग चालला की पहिल्या आणि चौथ्या दिवसाचे आकडे मला पाठव. भट्टीपुढे उभा राहून काढलेला फोटो आईला पाठव. मला व्होल्टेज, दाब आणि पुढचा डबा कधी बदललास ती तारीख पाहिजे.