बांधणीत गळालेली पाने



शाळेच्या कपाटातले जुने वार्षिकांक यंदा बांधणीला देण्याचा विचार चालू आहे. त्या निमित्ताने या वेळच्या अभ्यासलेखासाठी आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे : एकोणिसाव्या शतकातील व्यावसायिक नियतकालिकांतल्या जाहिराती.

व्यावसायिक नियतकालिक म्हणजे डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशा एकाच पेशाच्या लोकांसाठी निघणारा अंक. हैदराबादला हा प्रकार नवा नाही. इथली वैद्यकीय शाळा १८४६ सालची. आजच्या उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाचे मूळ तिच्यात आहे. शिक्षण उर्दूतून चाले, आणि तिचे प्रमुख डॉ. जॉर्ज स्मिथ यांनी १८५० च्या दशकात ‘रिसाला-ए-तबाबत’ हे उर्दू वैद्यकीय नियतकालिक काढले होते.

पुढे १८८५ मध्ये डॉ. एडवर्ड लॉरी इथे आले. क्लोरोफॉर्म दिल्यावर रोगी दगावतो तो श्वास थांबल्यामुळे की हृदय बंद पडल्यामुळे, हा त्या काळचा मोठा वाद. श्वासच आधी थांबतो, असे लॉरींचे म्हणणे. १८८८ मध्ये त्यांनी समिती नेमून प्रयोग केले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला ते पटले नाहीत. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडून एक हजार पौंड मिळाले, ‘लॅन्सेट’ने डॉ. लॉडर ब्रंटन यांना पाठवले आणि १८८९ च्या अखेरीस चारशेहून अधिक जनावरांवर पुन्हा प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्याच बाजूचा निघाला. (१९११ मध्ये डॉ. लेव्ही यांनी हृदयही एकाएकी बंद पडू शकते हे दाखवून दिले, ही पुढची गोष्ट.)

हा अहवाल १८९० च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. ग्रंथालयांच्या बांधीव खंडांत तो आज वाचता येतो. पण त्या आठवड्यांच्या जाहिराती बहुतेक ठिकाणी सापडत नाहीत. जाहिरातींची पाने अंकाच्या पुढे-मागे वेगळी लावलेली असत, त्यांना पृष्ठांकही वेगळे. वर्षअखेर बांधणीवाला वेष्टन आणि ही पाने काढून टाकी. जागा वाचे, खर्च वाचे.

त्या पानांवर असे काय? शस्त्रक्रियेची हत्यारे, कृत्रिम पाय, कॉडलिव्हर तेल, मांसाचा अर्क, नवी पुस्तके. शिवाय ‘मदतनीस डॉक्टर पाहिजे’, ‘चालता दवाखाना विकणे आहे’. डॉक्टरांनी काय लिहिले ते लेखांत दिसते; त्यांनी काय विकत घेतले, पगार किती मिळाला, हे इथे. बरोज वेलकम कंपनीने १८८४ मध्ये आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवले. छोट्या आकाराच्या वर्तमानपत्राला आपण तेच नाव देतो!

इंग्लंडमध्ये प्रत्येक जाहिरातीवर सरकारी कर होता. तो १८५३ मध्ये उठला आणि जाहिराती वाढल्या. अंक वर्गणीवर निघत नाही, हे संपादकांना तेव्हाही कळत होते. यातूनच एक अवघड गोष्ट उभी राहिली. स्वतःची जाहिरात करणे डॉक्टरला कमीपणाचे समजले जाई, पण त्याच्याच अंकात औषधविक्यांचे मोठमोठे दावे छापून येत. अमेरिकेत डॉक्टरांच्या संघटनेने १९०५ मध्ये औषधे तपासणारे मंडळ नेमले, तेव्हा कुठे चाळण लागली. आपल्याकडे चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर १९५४ चा कायदा आहे. आमच्या मते तो वर्तमानपत्र उघडणाऱ्या प्रत्येक पालकाला ठाऊक असावा.

विश्वस्तांना विनंती : आपले वार्षिकांक बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढू नयेत. वह्या-पुस्तकांचे दुकानदार, छापखाने, मिठाईवाले यांनी दिलेल्या अर्ध्या-पाव पानांवरच आपले अंक निघाले.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी घरातील एखादी जुनी स्मरणिका शोधावी, तिच्यातील तीन जाहिराती वहीत उतरवाव्यात आणि ते दुकान आज कुठे आहे, हे आजी-आजोबांना विचारून खाली लिहावे. वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. स्मरणिका मात्र घरीच नीट ठेवावी.