संगणकाचें दुखणें : दुरुस्ती कीं नवी खरेदी ?

कुशल वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. परंतु घरांतील संगणक रेंगाळूं लागला म्हणजे त्याचें काय बिघडलें याची चौकशी न करतांच पुष्कळ मुलें वडिलांपाशीं नव्याचा हट्ट धरितात. नवें यंत्र म्हणजे कित्येक घरीं महिन्या-दोन महिन्यांची मिळकत होय. म्हणून हा निर्णय कसा करावा, याचा आम्ही येथें क्रमानें विचार करणार आहों.

प्रथम, यंत्राहून त्यांतील काम अधिक मोलाचें आहे. अभ्यासाचीं टिपणें, छायाचित्रें व घरचे हिशेब यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर करून घ्यावी. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊं लागल्यास हें त्याच दिवशीं करावें; कारण बाजारांत यंत्र मिळतें, हरवलेलें काम मिळत नाहीं.

दुसरें, दुखणें नेमकें कोठें आहे तें शोधावें. हार्ड डिस्कमधील तबकड्या बहुधा मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि त्यांवरील मजकूर वाचण्यास एका भुजेला इकडून तिकडे सरकावें लागतें. तिच्या जागीं एसएसडी बसविल्यास हें फिरणें-सरकणेंच उरत नाहीं व मंद यंत्र पुष्कळ वेळां पुन्हां चपळ होतें. रॅम अपुरी असल्यास तींत न मावणारें काम यंत्र डिस्कवर टाकतें व खोळंबतें. ती बहुधा वाढवितां येते. मात्र कांहीं लॅपटॉपांत ती बोर्डास पक्की जोडलेली असते, हें आधीं विचारावें. पंख्यांत धूळ साचली असतां प्रोसेसर तापतो आणि स्वसंरक्षणार्थ आपली गति कमी करितो. तेथें स्वच्छता हेंच औषध. हीं लहान दुखणीं होत. मदरबोर्ड जळाला, तर मात्र जुन्या यंत्रास जुळणारा बोर्ड मिळणें कठीण. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसल्यास वापर तत्काळ थांबवावा. ती दाबूं किंवा टोचूं नये, कारण ती पेट घेऊं शकते.

तिसरें, साधा भागाकार करावा. समजा, दुरुस्तीस ६००० रुपये लागतात व यंत्र आणखी २ वर्षें चालेल. म्हणजे वर्षास ३००० रुपये पडले. नवें यंत्र ४०,००० रुपयांचें व ८ वर्षें टिकणारें धरल्यास वर्षास ५००० पडतात. येथें दुरुस्तीच लाभाची. परंतु दुरुस्तीसच १५,००० लागत असतील, तर वर्षास ७५०० होतात. तेव्हां नवें घेणें शहाणपणाचें.

चौथें, प्रणालीचा विचार. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांस चालत नाहीं. तथापि एवढ्यावरून धडधाकट यंत्र निकामी ठरवूं नये. लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घातल्यास लेखन-वाचनाचीं कामें त्यावर चांगलीं होतात.

यंत्र टाकण्याचीच वेळ आली, तर आपला मजकूर पुसून तें नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावें. जुन्या यंत्रांत शिसें असूं शकतें. त्याच्या तारा उघड्यावर जाळल्यानें विषारी धूर होतो.

विद्यार्थ्यांनो, वडिलांकडे जातांना हट्ट नेऊं नका. दुखण्याचें नांव व हिशेबाचा कागद न्या. मग नवें यंत्र आलें काय किंवा जुनेंच सुधारलें काय, घरचा पैसा विचारानें खर्च झाला असें होईल.