माहितीपत्रक : चिकित्सालयाचे आणि औषधालयाचे

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात वैद्यांचे प्राणाभिसर आणि रोगाभिसर असे दोन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी रोगाभिसरांची जी लक्षणे तेथे दिली आहेत, ती आजही मननीय आहेत. हे लोक वैद्याचा वेश घेऊन रस्तोरस्ती हिंडतात, कोणी आजारी असल्याचे कानी येताच तेथे धाव घेतात, रुग्णास ऐकू जाईल अशा बेताने स्वतःचे गुण मोठ्याने सांगतात आणि आधीच्या वैद्याचे दोष पुन्हा पुन्हा काढतात, असे आचार्यांचे म्हणणे आहे. मुद्रणकला नव्हती त्या काळातील हे वर्णन आज दारोदार पडणाऱ्या कित्येक पत्रकांना तंतोतंत लागू पडते.

मग वैद्याने माहितीपत्रक काढूच नये काय? आमच्या मते अवश्य काढावे. विशेषतः नवी मुंबईसारख्या नगरात त्याची गरज अधिक आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर वसत गेलेल्या या नगरात आगरी-कोळी ग्रामस्थांच्या शेजारी सातारा, सांगली, कोकण येथून व परप्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. गावाकडे घराण्याचा वैद्य ठरलेला असे. येथे आलेल्या माणसाला आपल्या विभागात वैद्य कोण, तो केव्हा भेटतो, पंचकर्म म्हणजे काय आणि त्यास खर्च किती, हे सांगणारे कोणी नसते. ही उणीव माहितीपत्रकाने भरून काढता येते.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच आहे की, पत्रकाची परिणामकारकता त्यातील माहितीत असते, रोग बरा करण्याच्या वचनात नसते. वचने खोडून टाकल्यावर पत्रकात जे शिल्लक राहते, तेच त्याचे खरे मोल.

कायद्याची चौकट

औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ आपणा सर्वांस नावाने परिचित आहे, पण त्यातील व्याख्या फारच थोड्यांनी वाचलेल्या असतात. या अधिनियमानुसार ‘जाहिरात’ या शब्दात सूचना, परिपत्रक, वेष्टन, लेबल व अन्य दस्तऐवज हे सर्व येते. म्हणजे आपले घडीचे पत्रक ही कायद्याच्या दृष्टीने जाहिरातच होय. अधिनियमाच्या परिशिष्टात ५४ रोग व अवस्था दिल्या आहेत. मधुमेह, कर्करोग, उच्च वा न्यून रक्तदाब, हृद्रोग, आमवातादी सांधेविकार, स्थौल्य, पक्षाघात, अपस्मार, मूतखडा, मोतीबिंदू, स्त्रियांचे वंध्यत्व, श्वित्र ही त्यांतील काही नावे. अमुक औषधाने यांपैकी रोग बरा होतो किंवा टळतो, असे सुचविणारी जाहिरात निषिद्ध आहे. मासिक पाळीच्या तक्रारी व कामशक्तिवर्धन यांविषयीच्या औषधांनाही हाच निर्बंध लागू आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या जागेत लावलेल्या, ‘येथे अमुक रोगाची चिकित्सा केली जाते’ अशा फलकाला कायद्याने सूट दिली आहे. तोच मजकूर पत्रकावर छापून वाटला तर ही सूट मिळत नाही. फलकावरचा मजकूर जसाच्या तसा मुद्रकाकडे देण्याची आपली सवय म्हणून सोडावयास हवी. ‘आम्ही औषधाची नव्हे, पंचकर्माची जाहिरात करतो’ असा युक्तिवादही ऐकू येतो. परंतु अधिनियमातील ‘औषध’ शब्दाची व्याख्या व्यापक आहे आणि स्नेहनाचे तेल व बस्तीचा काढा ही औषधेच आहेत. या वादात न पडणे हेच शहाणपणाचे.

औषधनिर्मात्यांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमावलीत नियम १७० घालण्यात आला व जाहिरातीपूर्वी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची संमती आवश्यक ठरली. १ जुलै २०२४ रोजी आयुष मंत्रालयाने तो नियम वगळला, २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली, आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी ते प्रकरण निकाली निघून स्थगितीही संपली. यावरून आता बंधनच उरले नाही, असा समज काही औषधालय-चालकांत दिसतो. तो चुकीचा आहे. पूर्वसंमतीचा नियम गेला तरी १९५४ चा मूळ अधिनियम कायम आहे. शिवाय नोंदणीकृत वैद्यास रुग्णयाचना वर्ज्य आहे, हा आचारसंहितेचा दंडक आहेच.

कायद्यापलीकडची गोष्ट

केवळ कायद्याच्या भयाने हा विवेक पाळावा, असे आम्हास म्हणावयाचे नाही. ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ असे छापलेले पत्रक हाती पडल्यावर चालू औषधे, प्रसंगी इन्सुलिनसुद्धा, आपल्या मनाने बंद करणारे रुग्ण आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले असतील. पत्रक छापणाऱ्याने त्यास ‘औषध बंद करा’ असे सांगितलेले नसते. ‘कायमची मुक्ती’ या दोन शब्दांचा अर्थ रुग्णाने आपल्या परीने लावलेला असतो. साध्यासाध्यता न पाहता चिकित्सा आरंभणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची व यशाची हानी होते, असे चरकाने सांगितले आहे. पत्रक तर रुग्णाची नाडीही न पाहता हजारो जणांना साध्यतेचे आश्वासन देत असते.

‘आयुर्वेदिक असल्यामुळे कोणताही दुष्परिणाम नाही’ हे वाक्यही असेच. सुयोजित विष औषध ठरते आणि दुर्योजित औषध विष ठरते, हा आपला सिद्धान्त आहे. आपल्याच शास्त्राच्या विरुद्ध जाणारे वाक्य आपल्या पत्रकावर का असावे?

वाचक कोण, हे प्रथम ठरवावे

एका पत्रकाने एकच काम करावे. चिकित्सालयाची ओळख, पंचकर्माची माहिती, ऋतुचर्या आणि औषधांची यादी हे सारे एका कागदावर कोंबले की काहीच वाचले जात नाही. ओळखीचे पत्रक वर्षभर चालते. ऋतूनुसार निघणारे पत्रक वेगळे असावे. वसंतात वमन, वर्षात बस्ती, शरदात विरेचन हा क्रम आपणांस पाठ असला तरी रुग्णास ठाऊक नसतो.

औषधालय-चालकांनी एक काळजी विशेषत्वाने घ्यावी. औषधाच्या रोगाधिकाराची सविस्तर माहिती देणारे साहित्य नोंदणीकृत वैद्यांस खासगीरीत्या पाठविण्यास कायद्यात मुभा आहे. मात्र ते केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, रुग्णालय वा प्रयोगशाळा यांच्या उपयोगासाठी आहे, असे शिरोभागी ठळकपणे छापलेले असले पाहिजे. हेच साहित्य दुकानाच्या गल्ल्यावर गिऱ्हाइकांसाठी ठेवले की ती सामान्य जाहिरात होते. गल्ल्यावरच्या पत्रकात औषधाचे नाव, ग्रंथाधार, घटक, परिमाण, मूल्य आणि ‘वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावे’ ही सूचना एवढेच असावे. श्वासकुठार रसासारख्या शास्त्रोक्त नावात रोगाचा उल्लेख आहे, तो ग्रंथातून आलेला आहे. त्यापुढे स्वतःची विशेषणे जोडू नयेत. स्वामित्व-औषधांना नवे नाव देताना तर रोगनाशाचा दावा नावातूनही टाळावा, कारण लेबल हीसुद्धा जाहिरातच आहे. आपल्या शेजारी पनवेल येथे कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचे उदाहरण पाहावे. राजापूरच्या धूतपापेश्वराचे नाव त्यास दिले गेले. त्या नावात ना रोग आहे, ना गुणांची बढाई, तरीही ते दीडशे वर्षे वैद्यांच्या ओठी आहे.

मजकुराची मांडणी

ए-फोर आकाराच्या कागदाला दोन घड्या घातल्या की सहा पृष्ठे मिळतात. ओळखपत्रकास एवढी जागा पुरेशी आहे. आम्ही पुढील क्रम सुचवितो.

१. मुखपृष्ठ : चिकित्सालयाचे नाव, वैद्यांचे नाव, नोंदणीपत्रकात आहे तीच पदवी व नोंदणी क्रमांक. अल्पमुदतीच्या अभ्यासवर्गावरून ‘तज्ज्ञ’ ही उपाधी लावू नये.

२. पहिल्या भेटीची तयारी : जुने अहवाल, चालू औषधांची यादी, तपासणीस लागणारा वेळ.

३. उपलब्ध सेवा : प्रत्येकीचे दोन ओळींत सोपे वर्णन, लागणारे दिवस, कोणास देत नाहीत ते.

४. शुल्क : तपासणीचे व प्रत्येक कर्माचे. ‘माफक दरात’ या शब्दाने कोणाचेच समाधान होत नाही, आकडा द्यावा.

५. सूचना : चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत. छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी अंग लुळे पडणे, शुद्ध हरपणे अशा वेळी आमच्याकडे न येता तत्काळ रुग्णालय गाठावे.

६. मागील पृष्ठ : पत्ता, वेळा, दूरध्वनी, रेखानकाशा.

पाचव्या पृष्ठाविषयी काही व्यवसायबंधू शंका काढतात की, रुग्णास दुसरीकडे जाण्यास सांगणारे पत्रक कोण छापील? आमचा अनुभव असा की, घरातील वडीलधारी मंडळी हेच पृष्ठ जपून ठेवतात. आपली मर्यादा सांगणाऱ्या वैद्यावर माणसे अधिक भरवसा ठेवतात.

नवी मुंबईच्या पत्त्याबाबत एक व्यावहारिक सूचना करतो. सेक्टरचे क्रमांक प्रत्येक विभागात नव्याने सुरू होतात. ‘सेक्टर १७’ एवढ्याने वाशी, कोपरखैरणे की नेरुळ, हे कळत नाही. म्हणून विभागाचे नाव, स्थानकाची पूर्व की पश्चिम बाजू आणि जवळची ठळक खूण अवश्य द्यावी. वेळा ठरवितानाही परिसर पाहावा. तुर्भ्याच्या बाजार समितीतील माथाडी बंधूंचे काम रात्रीपासून सकाळपर्यंत चालते. त्यांच्या वस्तीजवळच्या चिकित्सालयाने दुपारची वेळ ठेवली व ती ठळक छापली, तर तीच त्या पत्रकातील सर्वांत उपयुक्त ओळ ठरेल.

भाषा

उदाहरणादाखल दोन मजकूर ताडून पाहू. पहिला : ‘जुनाट सांधेदुखी, लठ्ठपणा, मधुमेह यांवर हमखास गुण! प्राचीन ऋषिमुनींची गुप्त चिकित्सा! आजच भेटा!’ दुसरा : ‘बस्ती म्हणजे औषधी तेल किंवा काढा गुदमार्गाने देण्याची चिकित्सा. ती तपासणीनंतरच ठरविली जाते. सामान्यतः ८ ते १५ दिवस, रोज सुमारे एक तास लागतो. या काळात प्रवास, जागरण व जड भोजन टाळावे लागते.’

पहिल्या मजकुरात तीन रोगांची नावे आहेत आणि तिन्ही परिशिष्टातील आहेत. माहिती मात्र एकही नाही. दुसऱ्यात एकही दावा नाही, तरी तो वाचून रुग्ण रजा कधी काढावी याचा विचार करू लागतो. पत्रकाचे काम येथे साधले.

दोष, धातू, आम, स्रोतोरोध हे शब्द आपल्या नित्याच्या वापरातील असले तरी रुग्णाचे नव्हेत. जेथे ते टाळता येत नाहीत तेथे लगेच अर्थ द्यावा. मराठी, हिंदी व इंग्रजी एकाच पानावर दाटीने छापण्यापेक्षा भाषावार स्वतंत्र पत्रके काढावीत.

मुद्रण आणि मुद्रितशोधन

देवनागरी अक्षरांस वर-खाली मात्रा व उकार असतात. त्यामुळे अक्षर बारा पॉइंटपेक्षा लहान नसावे आणि ओळींमध्ये मोकळी जागा असावी. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे वृद्धांना वाचवत नाहीत. अति चकचकीत कागदावर दिव्याचा प्रकाश चमकतो आणि पेनाने टीप लिहिता येत नाही. निदान मागील पृष्ठ तरी लिहिण्याजोगे असावे, म्हणजे पुढील भेटीचा दिनांक तेथे लिहिता येईल.

छायाचित्र आपल्याच चिकित्सालयाचे असावे. फुले माळलेल्या अनोळखी तरुणीच्या शिरोधारेचे विकतचे चित्र पाहून आलेल्या रुग्णास आपली साधी खोली पाहून उगाच विरस वाटतो. रुग्णांची छायाचित्रे व ‘मला गुण आला’ अशी पत्रे छापू नयेत. त्यात रुग्णाची गुप्तता भंगते आणि दावाही आडमार्गाने शिरतो.

मजकूर एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरे व रफार बिघडतात. म्हणून अंतिम प्रत कागदावर काढून दोघांनी वाचावी. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने ताडावे. दूरध्वनी क्रमांक प्रत्यक्ष लावून पाहावा. मात्रा व शुल्क यांचे आकडे वैद्याने स्वतः तपासावेत, हे काम मुद्रकावर सोपवू नये.

वितरण व परीक्षण

लोकलच्या डब्यात, रुग्णालयाच्या दारात किंवा वृत्तपत्रांत घालून सरसकट वाटणे वैद्यास शोभत नाही. रुग्ण तपासून झाल्यावर पत्रक त्याच्या हाती द्यावे. ते घरी जाते, शेजारी वाचले जाते आणि त्यामागे त्या रुग्णाचा स्वतःचा शब्द असतो. प्रथम ५०० प्रतीच छापाव्यात व तळाशी महिना आणि वर्ष द्यावे. नव्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘आमची माहिती कोठून मिळाली?’ हा रकाना ठेवावा. सहा महिन्यांनी तो मोजला म्हणजे पत्रक उपयोगी पडले की नाही, हे आपोआप कळते. तसेच पत्रक वाचूनही रुग्ण कोणते प्रश्न पुन्हा विचारतात, ते टिपून ठेवावे. पुढील आवृत्तीचा मजकूर त्यातूनच मिळतो.

वाचक वैद्यबंधूंनी व भगिनींनी आपले सध्याचे पत्रक काढावे, लाल शाईची लेखणी घ्यावी आणि त्यातील प्रत्येक दावा व प्रत्येक विशेषण खोडावे. उरलेल्या मजकुरावरून एखादा अनोळखी माणूस आपल्यापर्यंत पोहोचू शकेल काय आणि आल्यावर काय होईल हे त्यास कळेल काय, एवढे पाहावे. उत्तर नकारार्थी आले, तर नवे पत्रक लिहावयास घ्यावे. अलमतिविस्तरेण.